बागेसाठी कोरलेली बाई

थेंब घातल्यामुळे डोळे मिटून बसलेल्या शिंपीकाकांना दवाखान्यात दिसत काहीच नव्हतं. शेजारी एक मूर्तिकार बायकोसोबत बसला होता, डोळ्यात दगडाची कपची गेली म्हणून. त्या दोघांचं बोलणं मात्र काकांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"खरं सांगा, त्या दगडी बाईचा चेहरा कोणाचा?"

"अगं, बागेत बसवायची मूर्ती ती. कोणाचा असणार?"

"शेजारीण म्हणते, दार लावून तिच्याशी बोलत असता."

"काम करताना बोलतो जरा."

"माझ्याशी बोलता का कधी असं?"

"तुझाच चेहरा आहे तो."

"माझा? एवढं मोठं नाक?"

"थोडं तासायचं राहिलंय."

"म्हणजे आहेच मोठं!"

"रागावलीस की फुगतं. तेव्हाचं आलंय."

"मग तोंड कसं मिटलेलं?"

"तेवढं मनानं केलं."

काकांनी खोकल्यात हसू दडवलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"नटूनथटून समोर बसली असतीस. मला घरातली हवी होती."

तेवढ्यात नर्सनं मूर्तिकाराला हाक मारली, तशी बायको आधी उठली.

"सावकाश उठा, हात धरा माझा. आणि नाकाला आता छिन्नी लावायची नाही. राहू दे आहे तसं."

"आणि तोंड?"

"त्याचं घरी गेल्यावर बघते मी!"