काशीरामच्या नावाचा नारळ

— नाही, नाही, तो नारळ आधी खाली ठेव बघू. असा हातात धरून उभा राहू नकोस रावज्या, मला कसंतरीच होतं. ठेव तिथे पायरीवर, नि बस. घेतो असं म्हटलेलं नाही मी अजून, ठेव म्हटलंय. उद्या शिमग्याची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गाऱ्हाणं मीच घालणार, ते काय तू मला सांगायला हवं? माझ्या आज्यापासनं आमच्या घराचा मान तो. कोणाचं पोर आजारी, कोणाची म्हैस आटली, कोणाचा जावई मस्कतला अडकला — सगळ्यांचे नारळ माझ्या हातात, सगळ्यांची नावं माझ्या तोंडात. तुझ्या बापाचं वर्षश्राद्ध झालं, दुखवटा संपला, आता आंब्याच्या पेट्यांचा कारखाना तू चालवणार, म्हणून देवाच्या कानावर घालायला हवं. बरोबर आहे. रीतच आहे. पण मीच कशाला? गुरवाला सांग. त्याचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत आहे.

का म्हणजे? आता का म्हणजे काय सांगू? — तुझ्या बापाची नि माझी जोडी होती म्हणतात लोक. कसली जोडी! एकाच बोटीने मुंबईला गेलो, एकाच गिरणीत लागलो, इथवर जोडी. मी दोन वर्षांत खोकत घरी आलो. तो आला सहा वर्षांनी, एक करवत नि दोन रंधे घेऊन. हसलो की मी! पाली नाक्यावर सगळ्यांदेखत म्हटलं, काशीराम, झाड बागायतदाराचं, आंबा बागायतदाराचा, मुंबईचा दलाल बागायतदाराचा, तू मध्ये खोकी ठोकणारा कोण रे? तोही हसला. त्याला राग येतच नसे, हीच तर खोड. नि पाच वर्षांत रत्नागिरीपासनं लांज्यापर्यंत जो तो, पेटी काशीअण्णाची आहे काय? अण्णा! माझ्याहून चार महिन्यांनी लहान, नि अण्णा! मला गावात धोंडू म्हणतात. मानकरी असून धोंडू.

बरं, पैसा केला असता नि माजला असता तर मी काही बोललो नसतो. माजलेल्या माणसाबद्दल काहीही बोलता येतं, बरं वाटतं. हा माजेचना! ब्याऐंशीला गिरण्यांचा संप झाला, पोरं वळकट्या घेऊन गावाला परत आली, नुसती पारावर बसून असायची. ह्याने एकेकाला बोलावून हातात हातोडी दिली. शाळेची कौलं ह्याने बदलली. जीप घेतली तर त्या जीपमध्ये स्वतः कमी नि गावातल्या बाळंतिणी जास्त. आणि संध्याकाळी सात वाजले की कारखान्याला कुलूप लावून हा घरी. तुझ्या आईचा हंडा विहिरीवरनं स्वतः आणायचा — पुरुषासारखा पुरुष, डोक्यावर हंडा! — नि तिच्याबरोबरच जेवायला बसायचा म्हणे, आधी तिला वाढायचा. हे आमच्या विमलाला ज्या दिवशी कळलं ना, त्या दिवसापासनं मला घरात सुखाचा घास मिळाला नाही. भात वाढताना नुसती बघायची.

नि पुढे तिचंच पोट दुखायला लागलं. आतडं कापावं लागलं. तुझ्या बापाने रत्नागिरीला नेली, चार दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून होता. मी? मी नाही गेलो. मला रक्त बघवत नाही, नि गुरांना कोण बघणार होतं? — बरं, बघायला माणूस मिळाला असता. घाबरलो होतो मी, बस, झालं? ती शुद्धीवर आली तर समोर कोण? तुझी आई नि तुझा बाप. अजून सांगते, डोळे उघडले तर काशीभावजी समोर. अजून!

तू मान हलवतोयस, पण तुला नाही कळायचं. तू त्याच्या पोटचा. त्याच्याबद्दल तुला वाटेल ते वाटायचा हक्क आहे. पण माझ्या बाबल्याला? संपातनं परत आला तेव्हा चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी काय कमी बोललो त्याला? ऊठ मेल्या, गुरं सोड, लाज वाटत नाही का — सगळं बोलून झालं. नि एक दिवस तुझा बाप ह्या पायरीवर येऊन म्हणतो, धोंडू, तुझा पोरगा दे मला, फळी सरळ कापणारा माणूस मिळत नाही. फळी! माझ्या पोराने जन्मात करवत धरली नव्हती. पण गेला, नि तिसऱ्या दिवशी घरी आला तो शीळ वाजवत. मग काय, अण्णा असं म्हणाले, अण्णा तसं म्हणाले. मी काय म्हणालो ते माझ्या घरात कोणी कधी सांगितलं नाही.

आणि तुझा बाप गेला तेव्हा? बाराव्याला तू डोकं केलंस, ठीक, तुझा बाप. हा माझा दिवटा घरी आला — डोकं गुळगुळीत, नि मिशी पण नाही! अरे, बाप जिवंत असताना मिशी उतरवतात काय? मी बसलो होतो इथेच, तंबाखू मळत, चांगला जिवंत! म्हटलं, बाबल्या, हे काय? तर आत जाऊन पडला. विमला म्हणाली, राहू दे, त्याला वाटलं त्याने केलं. वाटलं! मी मरेन तेव्हा काढायला काय ठेवलंय त्याने?

पाणी घे. नको? मलाच दे मग.

हे बघ, आता तू विचारतोयसच — नाही, तू काही विचारत नाहीयेस, तू नुसता बसलायस त्याच्यासारखा, म्हणूनच बोलतोय मी. तो जायच्या आधीचा शिमगा आठवतो? बाबल्याला मुलगा झाला होता. माझा नातू. तर पोराचं नाव काय ठेवायचं म्हणून हा विचारायला गेला कोणाला? सांगायला नको. मी तिथनं उठलो तो तडक सहाणेवर गेलो. नारळ आले, नावं घेतली, नि आला तुझ्या बापाचा नारळ. हात जोडून म्हणतो कसा, धोंडू, कारखान्यातल्या सगळ्या पोरांसाठी घाल रे, माझ्या एकट्याचं काही नको. बघ! देवाच्या दारात पण हाच मोठा! मी नारळ वर धरला. बा देवा महाराजा, म्हटलं मोठ्याने. पुढे ढोल वाजत होते. नि मी ओठांतल्या ओठांत म्हटलं — म्हटलं, ह्या काशीरामाला वाईच कमी कर.

नि सगळा गाव ओरडला, व्हय महाराजा!

वाईचच म्हटलं होतं रे मी. आईशप्पथ. कारखाना एखादा महिना बंद पडावा, जीप बिघडावी, लोकांनी दोन दिवस माझ्या दारात यावं, एवढंच. त्याला नेऊन टाक असं नव्हतं म्हटलं. नि आधी मला वाटलं, देवाने बरोब्बर ऐकलं — कारण त्या शिमग्यापासनं बाबल्या लवकर घरी यायला लागला. खरंच. सहा वाजता माझ्या शेजारी हजर. पान लावायचा मला, पोराला माझ्या मांडीवर द्यायचा, शेताचं विचारायचा. अजून येतो. मी म्हटलं, देवा, पुरे, एवढंच हवं होतं. नि पौषात कारखान्यात तुझा बाप बारीक खिळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या जागी गेला. आता सांग, त्याच तोंडाने तुझं नाव घेऊ? घेशील तू माझ्या हातचा प्रसाद? ऊठ, थुंक माझ्या तोंडावर नि जा, म्हणजे मी पण मोकळा होईन.

— हसतोस काय?

ठाऊक होतं? कोणाला — तुला? बाजूला उभा होता तुझा बाप, ऐकलं त्याने? नि घरी येऊन सांगितलं, तुझ्या आईसमोर? नि काय म्हणाला? ... चुकलं नाही धोंडूचं. असं म्हणाला? ... दोन वर्षं! दोन वर्षं तुझी आई मला चहा देत होती, हे ठाऊक असून!

काय? परत बोल. नीट बोल.

बाबल्याला त्याने सांगितलं? दुसऱ्या दिवशी? कामावरनं लवकर सोडतो, पण घरी जाऊन बापाजवळ बसायचं... हे तुझ्या बापाने? 

रावज्या, अरे, एवढी एकच गोष्ट माझी होती.

... नारळ राहू दे. राहू दे म्हटलं ना! घालतो मी. तुझं नाव घेतो, पोरांचं घेतो, कारखान्याचं घेतो, मोठ्याने घेतो. त्याचं नाव घ्यायला सांगू नकोस फक्त. आणि पाया नको पडू, ऊठ, ऊठ आधी. सहा वाजत आले, बाबल्या येईल आता. जा तू. जा रे!