गज उचलल्यावर

बाबा: ते 'मखमली' काढ. 'बरा' लिही. बरा आवाज.

मुलगी: बाबा, त्या वाद्यांच्या व्यापाऱ्याने विक्रीच्या जाहिरातीत जर्मनमध्ये स्वच्छ लिहिलंय, 'झाम्टिश'. मखमलीसारखा. तो जे लिहील तेच मी इंग्रजीत आणायचं. बाकीच्या देशांतली गिऱ्हाइकं इंग्रजी वाचून ठरवणार.

बाबा: विकणारा काय, दगडाचंही सोनं करून सांगेल.

मुलगी: दगड? आईचा व्हिओला दगड?

बाबा: तसं नव्हे गं. व्हायोलिनचा थोरला भाऊ तो, दगड कसा होईल? उगाच चढवून सांगू नये, एवढंच. पुढचा शब्द काय?

मुलगी: 'डुंकेल'. म्हणजे गडद.

बाबा: 'अंधारा' लिही.

मुलगी: अंधारा आवाज कोण घेईल?

बाबा: ज्याला घ्यायचाय तो घेईल. पुढे.

मुलगी: पुढचा कालपासून माझं डोकं खातोय. 'हेर्ब'. तुरट म्हणा, पण हवाहवासा तुरट. इंग्रजीत कुठलाच शब्द नीट बसत नाही. मी एरवी पाण्याच्या पंपांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते, पंपाचा आवाज तुरट आहे असं कुणी लिहीत नाही.

बाबा: 'कडू' लिही, सुटलीस.

मुलगी: काय चाललंय तुमचं? मखमलीचा बरा, गडदचा अंधारा, तुरटचा कडू! असलं वाचून कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही.

बाबा: नाही फिरकलं तर नाही. व्हिओलाची पेटी माझ्या पलंगाखाली आहे. तिला काय खायला लागतं?

मुलगी: विकू या असं तुम्हीच म्हणालात ना?

बाबा: मी कुठे? तुझी आई म्हणाली. 'वाजवणाऱ्याच्या हातात द्या, कोंडून ठेवू नका.' जाताजाता मला कामाला लावून गेली. जन्मभर मी तिची ती पेटी तालमीला नेली, कार्यक्रमाला नेली. स्टेशनवर लोक हमाल समजून मला हाका मारायचे आणि ही खुशाल हसायची. पण वाजवायला काही शिकलो नाही. शिकलो असतो, तर आज द्यावा लागला नसता.

मुलगी: असं आहे होय.

बाबा: असं काही नाही. तू लिही.

मुलगी: बरं. तुमच्या मनासारखं केलंय. ऐका. 'या व्हिओलाचा आवाज बरा आहे. अंधारा, कडू. तारेवरून गज उचलला की संपतो.'

बाबा: थांब. संपतो? संपतो असं कोण म्हणतं?

मुलगी: त्याने उलटच लिहिलंय, गज उचलल्यावरही रेंगाळतो म्हणून. मीच पाडून लिहिलं. बाकीचं पाडलं, तसं हेही.

बाबा: खोड ते! तो व्यापारी आला होता ना, त्याच्याबरोबरच्या बाईंनी दिवाणखान्यात वाजवून पाहिला. मी चहा टाकला होता. पहिला सूर आला आणि मला वाटलं, आली ही. चहा उतू गेला, गॅस विझला, मी तसाच उभा. त्या थांबल्या, गज खाली ठेवला, पेटी बंद केल्याचा आवाजसुद्धा ऐकला मी. तरी तो सूर घरात होताच. आणि तू लिहितेस संपतो?

मुलगी: मग काय लिहू?

बाबा: खरं लिही. मखमली लिही, गडद लिही. आहे तसं.

मुलगी: खरं लिहिलं तर तो जाईल, बाबा. लगेच जाईल.

बाबा: कळतंय मला. पण तिचा आवाज वाईट होता असं जगाला सांगून तिला जवळ ठेवू? हे कुठलं प्रेम? मला फार आठवण येते गं तिची.

मुलगी: मलाही येते. हा मजकूर उघडला की मी पंपांचं काम पुढे ओढते. म्हणून तर रेंगाळलंय सगळं.

बाबा: म्हणजे दोघं एकाच माळेचे मणी. त्या तुरटचं काय करतेस?

मुलगी: तुम्हीच सांगा. एका शब्दात नको. आईचं कसं होतं?

बाबा: पहिल्यांदा ऐकलं की वाटायचं, रागावलीये. जरा थांबलं की कळायचं, माया आहे.

मुलगी: 'आधी करडा वाटतो, थांबून ऐकलं की मायाळू.' हे इंग्रजीत बसतं. बसलं, बाबा.

बाबा: बसलं ना? मग झालं.

मुलगी: पाठवू?

बाबा: पाठव. नाही, थांब. आधी एकदा मोठ्याने वाच.

मुलगी: इंग्रजीत? तुम्हाला कुठे कळणार?

बाबा: मला नाही कळलं तरी चालेल. तू पलंगाखालची पेटी ओढ, आणि झाकण उघडून मग वाच.