सिगारवरची पांढरी पूड

बुरशी कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवायचं? माझ्या लेकीनं! ती पुण्याला असते. "बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे चला," हा तिचा कायमचा धोशा. मी फोनवर ठणकावतो, "एकटा कसला? एकलहरे गावचे मित्र दर रविवारी येतात, सिगारी ओढत बसतो आम्ही."

परवा ती आली आणि थेट कपाट आवरायला लागली. पापडाच्या जुन्या डब्यात, सुकू नयेत म्हणून ओलसर स्पंजाशेजारी ठेवलेल्या माझ्या सिगारी होत्या. झाकण काढताच ओरडली, "शी! बुरशी! फेकून देते."

"खबरदार! बुरशी नाही ती. आतलं तेल वर येऊन वाळलंय."

"काहीही टाकवत नाही तुम्हाला, म्हणून हे सगळं."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर बातमीदारी केली, पुराव्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही. तिला खिडकीशी नेलं. "बुरशी लोकरीसारखी असते, हिरवट ठिपक्यांची. पुसली तरी डाग राहतो, कुबट वास येतो. आता यावर बोट फिरव."

तिनं फिरवलं. कोरडी पूड निघाली, खाली डाग नाही. वासही निव्वळ तंबाखूचा.

"बरं, हरले. पण ही पूड धरते कशी?"

"वर्षानुवर्षं कुणी हातसुद्धा लावला नाही, तरच धरते!" मी विजयानं म्हणालो.

ती डब्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, रविवारी मित्र येतात ना?"

"येतात की," मी म्हणालो. उभ्या आयुष्यात पुराव्याविरुद्ध बोललो, ते तेवढंच.