हलगीसकट हडळ

मी हडपसरचा. तेव्हा ते गावच होतं, वडील शाळेत मास्तर, घरभर पुस्तकं आणि मी अबोल. असा मुलगा धिंगाणा घालणाऱ्या बँडमध्ये कसा गेला, विचारतात लोक. काय सांगू तुम्हाला, सलीममुळे गेलो. सलीम कॉलेजातला मित्र, येरवड्याचा, गिटार वाजवायचा आणि गाण्यापेक्षा ओरडायचा जास्त. त्याला बुधवार पेठेत एका इंग्रज बँडची जुनी कॅसेट मिळाली. सायकोबिली म्हणतात त्या प्रकाराला, म्हणजे जुनं रॉक अँड रोल दुप्पट वेगानं, आणि गाणी सगळी भुताखेतांची. त्यात मागे सारखं टक-टक वाजायचं. सलीम म्हणाला, मास्तर, ही हलगी आहे. वडिलांवरून मलाच मास्तर म्हणायचा. मीही म्हटलं, हलगीच. मग आमच्या आळीतल्या दत्तूला आणलं, तो लग्नाच्या वरातीत हलगी वाजवायचा. तो म्हणाला, गोऱ्यांच्यात बी हाय व्हय हलगी? मी बेस गिटार घेतली आणि बँड झाला. नाव हडळ.

पुष्कळ वर्षांनी एक इंग्रज पाहुणा आम्हाला ऐकायला आला, त्यानं सांगितलं, ती हलगी नव्हेच, तो माणसाएवढा उभा बेस, तार ओढून सोडली की लाकडावर आपटते. दत्तू म्हणाला, मंग मी जाऊ का घरी? सलीम म्हणाला, बस खाली, त्या बिचाऱ्यांना हलगी मिळाली नाही, त्याला तू काय करणार? झालं. इतक्या वर्षांत कॉलेजांत वाजवलं, गणपतीत वाजवलं, एकदा कार्यक्रमात वीज गेली तर दत्तू एकटाच वाजवत राहिला आणि पोरं नाचत राहिली.

यंदा सलीम गेला. आजार लांबला होता. चाळिसावा झाल्यावर मी आणि दत्तू त्याच्या बायकोकडे, नफीसाभाभींकडे गेलो, माझ्याकडे राहिलेली त्याची गिटार परत द्यायला, आणि सांगायला की हडळ आता बंद, सलीमशिवाय ओरडणार कोण? भाभी म्हणाल्या, भाऊजी, मी जन्मभर हा गोंगाट सोसला, आता मला सवय झाल्यावर बंद करता होय? आणि गिटार हातात घेतलीच नाही. दत्तू म्हणाला, मास्तर, वरडा तुमीच, मी हाय की मागं.

जन्मात आवाज चढवला नाही मी. आता रोज सकाळी गच्चीवर ओरडतो. शेजारचे विचारतात, बरं नाही का वाटत? मी म्हणतो, नाही वाटत, म्हणूनच. गळा बसतो, गरम पाणी पितो, पुन्हा सुरू करतो. रविवारी कार्यक्रम आहे, पहिलं गाणं सलीमचं. त्याच्यासारखं होणार नाही, पण होणार. तुम्ही या, भाभी पुढच्याच रांगेत असतील. देव तुमचे कान शाबूत ठेवो.