राग आवरायचा वर्ग

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावाजवळच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी मेंढ्यांची लोकर कातरणारे दोघे बसले होते. धाकट्या केल्विनच्या हातावर इस्त्रीएवढा फोड होता.

“तुझ्या बायकोनं पुन्हा भाजलं? घरातल्या मारहाणीसाठी मदतीचा फोन असतो, त्यावर सांगितलं होतंस ना?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“सांगितलं, मर्व्हकाका. त्यांनी मलाच राग आवरायच्या वर्गाला घातलं.”

“तुला? मेंढीला ओरखडा गेला तरी तिची माफी मागतोस तू!”

“पुरुषांसाठी तेवढंच आहे म्हणाले.”

“मग?”

“गेलो. चहा बरा होता.”

नर्स त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणाली, “घरी जायची भीती वाटते का?”

“सिस्टर, हे बायकांना विचारतात ना?”

“आता सगळ्यांना विचारतो.”

केल्विननं दाराकडे पाहिलं.

“वाटते.”

“आज माझ्याकडे झोप, लेका,” म्हातारा म्हणाला. “माझा कुत्रा घोरतो, पण अंगावर येत नाही.”