सरासरी वाढली

ताई : सव्वाअकराला दुकानाचा माणूस आला, कार्डांचा खोका उचलून घेऊन गेला. आणि मला हे तू आत्ता सांगतोयस, चहा पिताना.

धाकटा : त्यात सांगण्यासारखं काय होतं? खेळाडूंच्या फोटोंची किरकोळ कार्डं होती. बाबांचा खरा संग्रह जागच्या जागी आहे. उलट हे बघ, मोबाइलवर किमतीची रेघ कशी वर गेलीय. हिरवी झालीय.

ताई : रेघ.

धाकटा : सॉफ्टवेअर आहे गं. आपण प्रत्येक कार्डाचा फोटो द्यायचा. ते आतापर्यंतचे सौदे बघतं आणि आजचा बाजारभाव लावतं. ज्यांना भावच नाही, ती कार्डं सरासरी खाली ओढत होती. ती काढली. सरासरी दुप्पट!

ताई : म्हणजे वजन कमी करायला पाय कापून टाकलास.

धाकटा : ताई, तुला यातलं कळत नाही.

ताई : नाहीच कळत. मला एवढंच सांग, बाबांचं कार्ड कुठाय?

धाकटा : सगळी बाबांचीच तर आहेत.

ताई : बाबांचं! ज्याच्यावर ते स्वतः आहेत ते. राखीव गोलकीपर, उभ्या आयुष्यात एकच मोसम, अंगात ढगळ जर्सी. आणि नेमके फोटोच्या वेळी हातमोजा दातांनी ओढतायत.

धाकटा : हां. ते.

ताई : हां, ते.

धाकटा : त्याची ओळखच पटेना सॉफ्टवेअरला. तीनदा फोटो काढला. ‘खेळाडू अज्ञात, सौदा नाही’, हेच येत होतं. म्हटलं, नंतर वेगळं काढून ठेवू. मग शून्य भावाची सगळी एकदम काढली, त्यात...

ताई : त्यात बाप गेला.

धाकटा : असं काय बोलतेस!

ताई : मग कसं बोलू? यंत्राला ओळख पटली नाही, ते समजलं. तुला तर पटली होती ना? त्यांच्याच घरात राहतोस. दोन वर्षं मोतीबिंदूपायी ते कार्ड बोटांनी चाचपत होते. काल ऑपरेशनला नेताना काय म्हणाले? पट्टी सुटली की आधी माझं थोबाड बघणार, मग तुमची. आज पट्टी सुटतेय. तुझी बायको दवाखान्यात त्यांच्यापाशी बसलीय, आणि तू इथे रेघा बघ. लाव त्या दुकानदाराला फोन.

(धाकटा फोन लावतो. स्पीकर चालू करतो.)

दुकानदार : बोला.

धाकटा : नमस्कार. सकाळी तुमचा माणूस आमच्याकडून कार्डांचा खोका घेऊन गेला. त्यात एक कार्ड चुकून...

दुकानदार : मोबाइल दाखवत आला होतात, तेच ना तुम्ही? तुमच्यासारखे रोज येतात. भाव विचारत नाहीत, भाव सांगतात.

ताई : मी त्याची बहीण बोलतेय. ते कार्ड आमच्या वडिलांचं आहे, त्यांचा स्वतःचा फोटो आहे त्यावर. खोका तसाच ठेवा, आम्ही निघतोय.

दुकानदार : बाई, खोका केव्हाच फुटला. असला माल पडून राहू देत नाही आम्ही. दहा-दहा कार्डांची बंद पाकिटं करतो. ‘नशिबाचं पाकीट’. शाळा सुटली की पोरं घेतात.

ताई : मग उघडून बघा ना जरा.

दुकानदार : फोडलेलं पाकीट कोण घेणार, तुम्ही? या, विकत घ्या, आणि काउंटरवर बसून हवी तेवढी फाडा.

धाकटा : किती पाकिटं आहेत?

दुकानदार : टोपलीभर. काही दुपारीच गेली. त्यात तुमचे वडील होते का, ते मला विचारू नका.

धाकटा : पण एका पाकिटाचा भाव... म्हणजे, आम्ही तर किलोने दिली होती.

दुकानदार : तुम्ही किलोने दिलीत, साहेब. मी नशिबाने विकतो.

ताई : सगळी ठेवा. आम्ही सगळी घेतो.

धाकटा : ताई, आपलाच कचरा दहापट भावाने?

ताई : कचरा नाही म्हणायचं आता. सौदा झालाय. घाल तुझ्या त्या यंत्रात.

दुकानदार : पैसे आधी आले तर टोपली आत घेतो. नुसत्या शब्दावर नाही.

धाकटा : पाठवतोय. पाठवतोय हो. नेट नुसतं गोल गोल फिरतंय.

दुकानदार : फिरू दे. समोरची शाळा सुटली.

ताई : अहो, एक मिनिट थांबा!

दुकानदार : पोरांना काय सांगू, टोपली आजारी आहे? ठेवतो.

धाकटा : कट केला त्याने.

ताई : चपला घाल.

धाकटा : गेले! पैसे पोहोचले, असं दाखवतंय.

ताई : दाखवतंय. तुझ्या फोनला दाखवायला काय लागतं? चावी घे. अरे, चल ना!

धाकटा : थांब, हिचा मेसेज आलाय.

ताई : काय म्हणतेय?

धाकटा : पट्टी निघाली. डॉक्टरांनी सोडलं.

ताई : म्हणजे तिथेच आहेत अजून?

धाकटा : नाही. गाडीत बसलेत. वाटेतल्या पाट्या मोठमोठ्याने वाचत येतायत.