चौथा खांदा

जबाब, दिनांक १७ ऑक्टोबर २०२४, सकाळी १०.२०

नाव मुहय्यो एर्गाश कादिरोवा, वय ३८ वर्षे, धंदा तांत्रिक महाविद्यालयात संगणकाची शिक्षिका, राहणार घर क्रमांक १४, चिनार महल्ला, मर्गिलान.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी वडील एर्गाश कादिरोव, वय ७४, निवृत्त बसचालक, यांच्यासोबत राहत होते. भाऊ परदेशात, कझानला बांधकामावर असतो. फोनमध्ये शिरणारे घातक प्रोग्राम जमवायचे, त्यांचे प्रकार लावायचे आणि ते एका फोनमधून दुसऱ्यात कसे पसरतात ते शोधायचं, हे माझं सहा वर्षांचं काम आहे. काही प्रोग्राम फोनमधल्या फायली कुलूपबंद करतात, काही गुपचूप बसून नुसते वाचत राहतात. आमच्याकडे सर्वांत जास्त फिरतो तो लग्नाच्या आमंत्रणाच्या रूपात येणारा. आमंत्रण उघडलं की तो फोनमधले मेसेज वाचतो आणि फोनवाल्याच्या नावानं त्याच्या सगळ्या ओळखीच्यांकडे पुढे जातो.

दिनांक ७ सप्टेंबर रोजी महल्ल्याच्या सभागृहात मी यावर बोलले. साठेक लोक होते. पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून दिवे मालवले होते. फाईल उघडू नका, मागोमाग खात्री पटवायला फोन येईल तोही उचलू नका, असं मी बजावलं. मागच्या रांगेतून एका पुरुषानं मला ताईच्या मानानं हाक मारून विचारलं, "ओपा, आमंत्रणाचं आता पोराटोरांनाही कळलंय. पण उघडल्याशिवाय कुणालाच राहवणार नाही, असं काय असतं?"

मी म्हणाले, "मयताची बातमी."

तो म्हणाला, "लक्षात ठेवतो." आवाज घोगरा, बोलताना मध्येच दम खाणारा. चेहरा दिसला नाही. हा प्रश्न जबाबात नको, असं जबाब घेणाऱ्या साहेबांचं म्हणणं पडलं. मी तो आग्रहानं लिहायला लावला आहे, कारण उत्तर माझं होतं आणि ते चटकन सुचल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

दिनांक २७ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी नऊच्या सुमारास महल्ल्याच्या ग्रुपवर माझ्याच वडिलांच्या मृत्यूची बातमी आली. फाईलवर त्यांचा बससोबतचा जुना फोटो होता. तासाभरात चाळीसएक माणसं मयताच्या रिवाजाप्रमाणे चोगा-टोपी घालून दाराशी उभी. वडील अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली चहा पीत होते. म्हणाले, "या, या. माझ्या मातीला आलात, चहा तरी घेऊन जा."

शेजारचे सैदकरीम-आका चिडले. "अरे म्हाताऱ्या, चोग्याला इस्त्री करून आलोय मी!"

"मग जपून ठेव. वाया नाही जायचा."

सगळे हसले. संध्याकाळी वडील मला म्हणाले, "एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं गं." ते खूश होते. आलेल्या प्रत्येकानं घरून निघण्याआधी ती फाईल उघडली होती.

पुढचे दोन आठवडे त्या चाळीस जणांच्या नावानं तीच बातमी पुन्हा पुन्हा येत राहिली. आणखी तीन जिवंत म्हाताऱ्यांच्याही आल्या. आधी लोकांनी उघडणं सोडलं, मग विश्वास ठेवणं.

दिनांक १५ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी ६.४० वाजता वडील वारले. सात वाजता मी ग्रुपवर साध्या शब्दांत लिहिलं, फाईल न जोडता. पहिलं उत्तर आलं, "परत? एर्गाश-अता मरणार तरी किती वेळा?" त्याखाली हसरे चेहरे. मी बावीस जणांना फोन लावले. कुणी उचलला नाही. तसं मीच शिकवलं होतं. मला त्यांचा राग आला नाही, माझीच लाज वाटली.

अकरा वाजता अंघोळ घालून झाली. घरापासून मशिदीपर्यंत मयताची खाट चौघांनी खांद्यावरूनच न्यायची असते. दाराशी तिघेच होते. माझं रडणं भिंतीपलीकडून ऐकून आलेले सैदकरीम-आका, त्यांनी बोलावून आणलेले इमाम आणि रोजच्यासारखे चहाला आलेले, वडिलांच्या बसचे जुने कंडक्टर हैदर-आका. सैदकरीम-आकांनी गल्लीतली दारं ठोठावली. पुरुष कामावर किंवा कापसाच्या शेतावर गेलेले.

सव्वाअकराला एक माणूस आला. वय अंदाजे ४५, अंगात तपकिरी चोगा. आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. म्हणाला, "वाईट झालं, ओपा. बातमी वाचली," आणि मध्ये दम खाल्ला. आवाज सभागृहातलाच होता.

मी विचारलं, "सगळ्यांना खोटी वाटली. तुम्हाला खरी कशी कळली?"

तो मान खाली घालून खाटेच्या मागच्या डाव्या पायाशी जाऊन उभा राहिला.

खोट्या बातम्या जो पाठवत होता, त्यालाच ही बातमी आपली नाही, म्हणजे खरी आहे, हे पक्कं ठाऊक असणार. हे मला तिथेच कळलं. मी ओरडले असते तर सैदकरीम-आकांनी त्याला धरलं असतं. पण मग खाट अंगणातच राहिली असती. म्हणून मी गप्प बसले. त्यानं माझ्या वडिलांना मशिदीपर्यंत खांदा दिला. तिथून तो कुठे गेला, कुणी पाहिलं नाही.

वरील मजकूर मला मोठ्यानं वाचून दाखवला. चौथ्या माणसापाशी मी वाचणं थांबवायला सांगितलं होतं. तो भाग पुन्हा ऐकला. त्यात बदल नाही, माझ्या सांगण्याप्रमाणे सर्व बरोबर आहे.

सही